दातांखालचा साक्षीदार

राजनंदिनी थोरात देशाला फसवते आहे, असं माझ्या यंत्राने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसले होते. पडद्यावर तिच्या नावापुढे लाल दिवा लागला होता आणि आतून तिचा आवाज आला, "काकू, जाड थापू का पातळ?" मी पातळ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी दातांची डॉक्टर. नाव मुग्धा आरवाडे, मूळची सांगलीची, आता पुण्यात धनकवडीला दवाखाना आहे. रग्बीशी माझा संबंध आला तो पडलेल्या दातांमुळे. या खेळात माणसं एकमेकांवर बैलांसारखी आदळतात, म्हणून तोंडात दंतकवच घालावं लागतं. भारताच्या महिला संघाची दंतकवचं मी करून देत असे. डोक्याला किती मार बसला ते कळावं म्हणून मी त्यात एक तांदळाएवढा संवेदक बसवला, मग श्वासाचा बसवला, मग जबड्याच्या दाबाचा आणि जिभेच्या स्पर्शाचा. त्या सगळ्याचं मिळून एक यंत्र झालं आणि त्याला मी 'साक्षी' असं नाव दिलं. बारसं मीच केलं, तेव्हा पुढच्या तक्रारीही माझ्याकडेच यायला हव्यात.

साक्षीमागचं विज्ञान फार अवघड नाही. माणूस जीव खाऊन जोर लावतो तेव्हा धडक बसण्याच्या किंचित आधी त्याचा जबडा आवळला जातो. हे कोणी ठरवून करत नाही. मेंदू मान घट्ट करायची आज्ञा सोडतो, त्याच आज्ञेत जबडाही सापडतो. श्वास कोंडला जातो आणि धडकेनंतर भसकन सुटतो. दात-ओठ खाऊन काम करणं असं आपण म्हणतो, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. उलट जो नुसतं जोर लावल्याचं सोंग करतो, त्याचा चेहरा कितीही तांबडा झाला तरी जबडा सैल राहतो. हजारो खेळाडूंच्या नोंदी शिकवल्यावर साक्षी सांगू लागली की कोणी अंगातलं किती दिलं आणि किती राखून ठेवलं.

मग परदेशातल्या एका स्पर्धेत सट्टेबाजीचं मोठं प्रकरण झालं आणि आंतरराष्ट्रीय मंडळाने नियमच केला. प्रत्येक कसोटी सामन्याआधी संघाची प्रगती साक्षीने मोजायची आणि शेजारी तज्ज्ञाने सही करायची. शंभरातला आकडा पन्नासच्या खाली गेला आणि तज्ज्ञानेही हात वर केले, तर सामन्याचा कसोटीचा दर्जा जाणार. आकडा एक सांगतो आणि तज्ज्ञ दुसरंच, असं झालं तर आधी त्या तज्ज्ञाची चौकशी. भारताच्या संघापुरती ती तज्ज्ञ मीच. एवढ्यावर हे थांबलं नाही. बँका नोकरीच्या मुलाखतीला साक्षी वापरू लागल्या, सरकारी चौकशीतही ती आली. उत्तर देताना जबडा सैल असेल तर माणूस काहीतरी राखून बोलतो आहे, असा त्यांचा हिशोब. मी हरकत घेतली नाही. स्वतःच्या लेकराला दुसऱ्याने कडेवर घेतलेलं कोणाला आवडत नाही?

राजनंदिनी, म्हणजे आमची नंदा, वाळवा तालुक्यातली. संघाची कर्णधार आणि हूकर. स्क्रममध्ये दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून, एकमेकींत अडकून, डोक्याला डोकं लावून ढकलतात. त्यात पुढच्या रांगेत मधोमध असते ती हूकर. तिचे दोन्ही हात शेजारणींच्या खांद्यांवर गुंतलेले असतात आणि मान समोरच्या संघाच्या हवाली असते. शेजारणीने कच खाल्ली तर मान मोडू शकते. शिबिर पुण्याच्या वेशीवरच भरत असल्याने गेली काही वर्षं नंदा माझ्याकडेच राहत होती. भाडं घेत नसे मी, ती मला भाकरी करून घालत असे.

लाल दिवा लागला आणि मला सगळं आठवू लागलं. गेले दोन महिने नंदा दर रविवारी पहाटे निघून रात्री परत येत होती. "मैत्रिणीकडं" असं सांगायची, मैत्रिणीचं नाव सांगायची नाही. फोन आला की गच्चीवर जायची. गुडघ्यावर ताजं खरचटलेलं होतं, आणि शिबिराला तर रविवारी सुट्टी. शिवाय तिच्या आईने फोनवर बोलता बोलता मला सांगितलं होतं की घरी नवा फ्रीज आला आहे, दोन दारांचा. पोरीला रग्बी महासंघाकडून काय मिळतं ते मला ठाऊक होतं, त्यात फ्रीजचं एक दारसुद्धा आलं नसतं. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा ती चुकचुकली की घरभर तीच दिसू लागते.

मी तिला विचारलं नाही. मी तिच्यावर पाळत ठेवली. ती आंघोळीला गेली की तिची बॅग बघितली. त्यात लाल माती लागलेले मोजे निघाले. आमचं मैदान हिरवळीचं आहे.

प्रशिक्षक नसरीन इनामदारला तेवढं मी सांगितलं. ती कोल्हापूरची, स्वतः भारताकडून खेळलेली, आणि तिकडच्या बायकांच्या रिवाजाप्रमाणे स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलणारी. तिने ऐकून घेतलं आणि मलाच झापलं.

"तुझ्या ताटात जेवती ती. सरळ इचार की तिला," ती म्हणाली. "मी इचारलो असतो, पर ती माझ्याशी खोटं बोलली तर मी तिला मैदानातच फोडून काढीन. मग तुझी सही कशावर करतीस?"

बरोबर होतं तिचं. पण सही माझी होती. नंदाला निर्दोष ठरवलं आणि पुढे तिने सामना विकल्याचं निघालं, तर माझं नाव आणि साक्षी दोन्ही मातीत गेली असती. तिला दोषी ठरवलं असतं तर तिच्यावर जन्मभराची बंदी आली असती. आपलेच दात, आपलेच ओठ, अशी माझी गत झाली होती.

शिवाय गोष्ट माझ्या हातातही राहिली नव्हती. साक्षीचा अहवाल महासंघाच्या चिटणिसांकडे आपोआप जातो. दिवेकर नावाचे गृहस्थ, आवाज कायम मऊ, जणू समोरच्याला झोप लागलेली आहे. त्यांनी मला बोलावून सुचवलं की कर्णधाराला दुखापतीचं कारण देऊन गुपचूप बसवावं, बाकीच्यांच्या आकड्यावर सही करावी, म्हणजे श्रीलंकेविरुद्धची कसोटी सुखरूप पार पडेल. बंदीचं काय ते सामन्यानंतर बघता येईल. आकडा बोलतो आहे तर आपण कशाला बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

महासंघाच्या कचेरीत भिंतींना कान असतात आणि चहावाल्याला तोंड. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचले तेव्हा शिबिरातल्या प्रत्येकीला माहीत होतं की कोणीतरी एकजण विकली गेली आहे. नाव कोणी घेत नव्हतं, पण नंदा पाण्याच्या टाकीपाशी गेली की तिथल्या दोघीतिघी उगाच बुटांच्या नाड्या बांधायला लागायच्या.

सरावात स्क्रम लावला आणि तो कोसळला. पुन्हा लावला, पुन्हा कोसळला. तिसऱ्या वेळी नंदाच्या डाव्या हाताची सलोनी मेश्राम मान धरून खालीच बसली. चंद्रपूरची ही पोर, संघातली सगळ्यात दणकट. मी धावत गेले. मान लचकली होती, मोडली नव्हती. तिला बाजूला घेऊन बर्फ लावताना मी विचारलं की ऐन वेळी डोकं बाहेर का काढलंस. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"मले भेव लागते, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मान माझी आहे. तिनं पैसे घेतले असन तर? तिच्या भरोशावर कशी देऊ मी मान?"

बर्फ वितळून माझ्या बाहीत शिरत होता आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. ही भीती माझ्या टेबलावरून इथवर आली होती.

दुपारी दवाखान्यात बसून मी त्या सरावाच्या नोंदी उघडल्या आणि चक्रावले. संघाचा आकडा वाढला होता. कालपर्यंत चौसष्ट होता, आज एकाहत्तर. दिवेकरांचा संदेशही येऊन पडला होता: प्रगती उत्तम, अभिनंदन. पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळणारा स्क्रम मी डोळ्यांनी पाहिला होता आणि माझं यंत्र त्याला शाबासकी देत होतं. सलोनीच्या नावापुढे तर अख्ख्या संघातला सर्वात गडद हिरवा रंग होता. जिने ऐन वेळी अंग काढून घेतलं, तिने सर्वस्व दिलं असं साक्षी सांगत होती.

मी तिचा जबड्याचा आलेख मोठा करून पाहिला. दाब प्रचंड होता, श्वास कोंडलेला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस जीव खाऊन जोर लावतो तेव्हा दात आवळतो, आणि माणसाची पाचावर धारण बसते तेव्हाही दात आवळतो. माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक पेशंट हेच करतो. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी लोकांना सांगत असते, घाबरू नका, तोंड सैल सोडा. आणि यंत्राला शिकवताना मात्र मला भीती आठवली नाही. साक्षीला शिकवलेल्या नोंदी जिंकायला उतरलेल्या खेळाडूंच्या होत्या. शेजारणीला घाबरणारी खेळाडू तिने कधी पाहिलीच नव्हती.

मग नंदाचं काय? हिरवा दिवा खोटा असू शकतो म्हणून लाल दिवाही खोटाच, असं होत नाही. मी तिच्या नोंदी काढल्या. जबडा सैल, श्वास कोंडलेला नाही. तो अगदी बारीक धारेने बाहेर पडत होता, स्क्रम सुटेपर्यंत. आत घेतलेला श्वास एकही नाही. हे सोंगासारखंही दिसत नव्हतं. सोंग करणारा माणूस मधे श्वास घेतो.

जिभेचा आलेख मी आजवर कधी नीट पाहिला नव्हता. तो कोणी मागतही नाही. त्यात एकसारखी टोकं होती. ओठ मिटल्याची एक खूण, लगेच जीभ वरच्या दातांमागे टाळूवर आपटल्याची दुसरी. मग पुन्हा ओठ, पुन्हा जीभ. मी बोटाने टेबलावर तो ठेका धरून पाहिला. ओठ मिटणारं अक्षर, मग टाळूवर जीभ आपटणारं अक्षर. माझं बालपण सांगलीत गेलं आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बोटाबरोबर माझी जीभ आपोआप चालायला लागली आणि रिकाम्या दवाखान्यात मी मोठ्याने म्हणत होते: कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

पोरगी स्क्रममध्ये दम घुमवत होती.

लाल मातीचे मोजे, रविवार, खरचटलेला गुडघा, सगळं एका दमात जागेवर आलं. फ्रीज तेवढा राहिला होता. मी दवाखाना बंद करून घरी गेले. नंदा गवार मोडत बसली होती. मी समोर बसले आणि विचारलं, रविवारी कबड्डी खेळायला जातेस ना? तिने गवारीची शेंग हातातच धरून ठेवली.

मग हळूहळू सगळं सांगितलं. जत्रांचे दिवस होते. गावोगाव मुलींच्या कबड्डीच्या स्पर्धा होत्या आणि गावच्या संघात एकजण कमी पडत होती. शिबिर चालू असताना दुसरा खेळ खेळायला बंदी आहे, दुखापत झाली तर थेट घरी पाठवतात. म्हणून ती चुलतबहिणीच्या नावाने खेळली. आधी एका जत्रेत, मग चटक लागली म्हणून सगळ्या जत्रांत. फोन यायचे ते संघातल्या मुलींचे. पहिल्या नंबरचं बक्षीस फ्रीज होता. आणि स्क्रममध्ये सगळ्या जणी श्वास कोंडतात, मग शेवटी धाप लागून अंग ढिलं पडतं. दम घुमवला की श्वास पुरवून वापरता येतो, जोर शेवटपर्यंत टिकतो, हे तिचं तिलाच सापडलं होतं.

"हे मला का सांगितलं नाहीस?" मी म्हणाले.

"खेळायला बंदी हुती, काकू. सांगितलं आसतं तर तुम्ही नसरीनम्यॅडमला सांगितलं आसतं." तिने हातातली शेंग मोडली. "पर तुम्ही का इचारलं न्हाई? आठ दिस झालं, तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून बोलत न्हाईसा. नुसतं दातांकडं बघताय. मला वाटलं, दात किडला आसंल माझा."

ती हसली नाही. मीही हसले नाही. मी उठून तिच्या शेजारी गवार मोडायला बसले, कारण तिच्यासमोर बसून राहणं मला जड जात होतं. पैसे घेतल्याचा संशय होता हे मी सांगितलं तेव्हा तिने फक्त मान हलवली, आणि त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी नंदानेच सगळ्यांना गोल बसवून कबड्डीचं कबूल केलं. नसरीनने तिची सर्वांसमोर यथासांग खरडपट्टी काढली, त्यात फ्रीजचाही उद्धार केला, आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मी आलेख दाखवले. सलोनी बराच वेळ त्या टोकांकडे बघत राहिली. मग उठून नंदापाशी गेली आणि तिने विचारलं की हे घुमवायचं कसं असते, मले शिकव.

दुपारच्या सरावात पुढची अख्खी रांग दम घुमवत स्क्रममध्ये उतरली. मैदानावर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज आला. समोर मुद्दाम बोलावलेला मुलांचा संघ होता, वजनाने चांगला भारी. आमचा स्क्रम कोसळला नाही. आधी जागेवर उभा राहिला, आणि समोरच्यांची धाप सुटली तसा पाऊल पाऊल पुढे सरकला. सलोनीने डोकं बाहेर काढलं नाही. नसरीन माझ्या शेजारी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ती शिट्टी पुसत होती.

साक्षीचा आकडा होता एकतीस. रांगेतल्या सगळ्यांपुढे लाल दिवे.

दिवेकरांचा फोन लगेच आला. आवाज अजून मऊच होता. कालची एकाहत्तरची नोंद अजून शाबूत आहे, तीच पाठवावी, कर्णधाराला बसवावं, असं त्यांनी पुन्हा सुचवलं. म्हणजे घाबरलेला, कोसळणारा संघ मैदानात उतरवायचा आणि कागदावर प्रगती दाखवायची. मी आजचा एकतीसचा आकडा पाठवला आणि खाली लिहिलं: संघ पूर्ण तयार, कर्णधार राजनंदिनी थोरात, यंत्राचा आकडा ग्राह्य धरू नये. सही ठोकली.

ठरल्याप्रमाणे माझी चौकशी लागली. सामन्याच्या आदल्या दिवशी मंडळाची तिघांची समिती पुण्यात येऊन बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, श्री. पटवर्धन. त्यांनी नम्रपणे एक पेटी माझ्यासमोर सरकवली. आत दंतकवच होतं, मीच केलेलं. नियमाप्रमाणे उत्तरं देताना मला ते तोंडात घालावं लागणार होतं. समोरच्या भिंतीवर दिवा होता. बाहेरच्या बाकावर नंदा बसली होती. माझी सही बाद झाली, तर तिलाही गाशा गुंडाळावा लागणार होता.

अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला: आकडा एकतीस असताना तुम्ही सही कोणाच्या दबावाने केलीत?

मी म्हणाले की उत्तराआधी मला दोन वाक्यं बोलू द्यावीत. त्यांनी मान हलवली. मी मानेच्या शिरा फुगेपर्यंत दात आवळले आणि दातांतून म्हणाले, "मी श्रीलंकेच्या संघाची कर्णधार आहे आणि उद्या भारताविरुद्ध मीच दोन ट्राय मारणार आहे."

दिवा हिरवा झाला.

मग मी तोंड सैल सोडलं, पेशंटला सांगते तसं. "माझं नाव मुग्धा आरवाडे. मी दातांची डॉक्टर आहे. हे यंत्र मी केलं आणि ते चुकतं."

दिवा लाल झाला.

समितीतला एक सभासद खोकला. मी कवच काढून रुमालावर ठेवलं आणि सगळे आलेख त्यांच्यापुढे मांडले: भीतीचे, जोराचे, कबड्डीचे. त्यांनी बाहेरून नंदाला बोलावून दम घुमवायला लावला. तिने घुमवला, तो इतका लांबला की न्यायाधीशांना हात वर करून थांबवावं लागलं. निर्णय तासाभरात आला. सही ग्राह्य, सामना कसोटीचाच, कर्णधार तीच. रग्बीतला साक्षीचा वापर मात्र फेरतपासणी होईपर्यंत बंद.

नंदा जिना उतरताना माझा हात धरून चालत होती. माझं आयुष्यभराचं काम त्या खोलीत बंद झालं होतं आणि मला वाईट वाटत होतंच, खोटं कशाला बोलू? पण हात तिने आपणहून धरला होता.

तेवढ्यात मागून अध्यक्षांनी मला हाक मारली. नंदाला पुढे जायला सांगून मी थांबले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. पुढच्या आठवड्यात एका जुन्या प्रकरणात त्यांची स्वतःची जबानी होती. तिथे अजून साक्षीच वापरतात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हिरवा लागायला दात नेमके किती आवळायचे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. जबडा घट्ट होता.

"आवळू नका," मी म्हणाले. "कबड्डी म्हणा."